सुगावा मावशींचा खांब

मशिदीमागच्या गल्लीत कोणाच्या घरी काय शिजतंय ते कोणालाही नाकाने कळायचं. पण कोणाच्या डोक्यात काय शिजतंय ते फक्त सुगावा मावशींना कळायचं.

मशिदीच्या विश्वस्तांनी केस काळे करायचं ठरवलं, तर रंगाची बाटली दुकानातून निघायच्या आधीच मावशी त्यांच्या बायकोला म्हणाल्या, "कानामागे जपून लावायला सांग हो. तिथला डाग लवकर जात नाही." अत्तरवाल्यांच्या मनात धाकट्या मुलीसाठी कोणता मुलगा भरलाय हे मुलीच्या आईलाही ठाऊक नव्हतं, तेव्हा मावशींनी त्या मुलाच्या आईशी बाजारात उगाचच गोड बोलायला सुरुवात केली होती. पुरुषमंडळींनी बायकांकडचा नळ काढून तिथे चपलांची मांडणी ठोकायचं घाटलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नळाखाली गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका बादल्या घेऊन हजर. सुतार आला तसा हातोडी पिशवीत घालून परत गेला.

"तुम्हाला कसा हो सगळ्याचा सुगावा लागतो?" धाकट्या जावेने एकदा विचारलं, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

"अगं, उघडं ठेवलं की कळतं," मावशी म्हणायच्या. ऐकणाऱ्याला वाटायचं, डोळे. मावशींच्या मनात कान असायचे. आणि तेही मशिदीतल्या एका ठरावीक खांबाला लावलेले.

ती मशीद जुनी होती. किती जुनी, यावर कोणाचं एकमत नव्हतं. दारावरच्या दगडात कोरलेल्या सालाचा शेवटचा आकडा झिजून गेलेला, त्यामुळे प्रत्येकाला आपल्या सोयीचं साल वाचता यायचं. मौलाना कमी सांगत, विश्वस्त जास्त सांगत. मावशींचे यजमान घड्याळजी होते. त्यांचं म्हणणं असं, की बंद घड्याळाला वेळ विचारूच नये.

बाहेरून बघाल तर धान्याचं कोठार वाटावं अशी नुसती विटांची भिंत. एक मिनार पूर्ण, दुसरा माणसाच्या उंचीएवढा होऊन थांबलेला. त्यावर कबुतरं बसत. आत पाऊल टाकलं मात्र, की डोळे निवायचे. काब्याची दिशा दाखवणारा मिहराबाचा कोनाडा निळ्या चकचकीत फरश्यांचा, घुमटाच्या पोटाला चुन्याची नक्षी, आणि जिथे घुमट सुरू होतो तिथे गोल फिरणारी एक रुंद निळी पट्टी. तिच्यावर बारा इमामांची नावं पांढऱ्या अक्षरांत ओवलेली. शियांची मशीद आहे हे आल्या आल्या त्या पट्टीवरून कळायचं, किंवा दाराजवळच्या लाकडी पेटीवरून. त्या पेटीत मातीच्या छोट्या टिकल्या असत. नमाजात कपाळ टेकायचं ते मातीवर, म्हणून प्रत्येकाने आत येताना एक उचलायची आणि जाताना परत ठेवायची.

ही मशीद दोन भावांनी बांधली असं सगळे सांगत. दोघेही नावाजलेले गवंडी, आणि दोघांचं एकमेकांशी हाडवैर. भांडण कशावरून झालं ते कोणाला ठाऊक नव्हतं. घरचंच काहीतरी असणार. पण भावाभावांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं आणि तरीही काम सोडलं नाही. एकाने उत्तरेची बाजू घेतली, दुसऱ्याने दक्षिणेची. बोलणंच बंद, त्यामुळे घोळ व्हायचा तो झालाच. घुमटाखालची सगळ्यात मोठी कमान उभारताना एका भावाने तिचा पाय वर, बायकांच्या सज्ज्याच्या कोपऱ्यात रोवला. दुसऱ्याने समोरच्या कोपऱ्यात, थेट जमिनीवर. कमान आजही तशीच आहे, एक पाय पायरीवर आणि एक खाली ठेवून गप्पा मारत उभ्या राहिलेल्या माणसासारखी. तिच्या पोटातून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पन्हळ गेलीय. नवल एवढंच, की सुरुवातीला चुकलेले हे दोघे वर जाऊन अचूक भेटले. कमान जुळली, घुमट मिटला, कुठे बोटभर फट नाही. न बोलता हे कसं जमलं, ते मात्र कोणाला सांगता येत नसे. "अल्लाची मर्जी," लोक म्हणत आणि विषय संपवत.

मावशी या मशिदीत आल्या त्या नवी सून म्हणून. बायकांच्या सज्ज्याची व्यवस्था त्यांच्या सासरी पिढीजात होती. सासूने किल्ल्या हातात दिल्या आणि सांगितलं, "चटया झटकायच्या, जाळीची धूळ पुसायची, टिकल्या स्वच्छ ठेवायच्या."

माहेरी मावशी स्वच्छतेत पहिल्या नंबरच्या. त्यांनी पेटीतल्या झाडून सगळ्या टिकल्या बादलीत भिजत घातल्या.

परत येऊन बघतात तो काय, बादलीत चिखल. एकही टिकली शाबूत नव्हती. नमाजाला माणसं यायची वेळ झालेली, आणि नवी सून बादलीशेजारी उभी. सासूने कपाळाला हात लावला. ती माती पवित्र, कोणाच्या पायाखाली यायला नको, म्हणून अंगणातल्या तुतीच्या मुळाशी सगळं नीट ओतून टाकलं. मावशी सज्ज्याच्या टोकाच्या कोपऱ्यात, कमानीच्या वरच्या पायाशी जाऊन बसल्या आणि खांबाला डोकं टेकून रडायला लागल्या.

तेवढ्यात दगड बोलला.

दगड त्यांच्या सासऱ्यांच्या आवाजात म्हणाला, "पोर नवीन आहे हो, तिला कोणी काही बोलू नका. नव्या टिकल्यांचं मी बघतो. आणि खरं सांगू का, इतक्या वर्षांत आमच्या घरात कोणाला टिकल्या धुवायची हौस आली नव्हती." मग दगड हसला. खोकला येईपर्यंत हसला.

मावशींनी जाळीतून खाली बघितलं. सासरे पार समोरच्या कोपऱ्यात, कमानीच्या खालच्या पायाशी, जुन्या मौलानांच्या कानाशी लागून कुजबुजत होते. मध्ये अख्खा सभामंडप. आणि शब्द न् शब्द इथे, कानात सांगितल्यासारखा.

त्या दिवसापासून सासरे त्यांचे लाडके झाले आणि तो कोपरा त्यांचा झाला.

एक नियम मात्र त्यांनी स्वतःला घालून घेतला. खाली कोणी दुआ मागत असेल तर कान काढून घ्यायचा. अल्लाला सांगितलेलं ते अल्लाचं. पण नमाज आटोपल्यावर पाय पसरून माणसांनी माणसांशी केलेल्या गप्पा ही कोणाची खाजगी मालमत्ता आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. शिवाय पुरुषांना तोच कोपरा भारी प्रिय. पंखा दुसरीकडे, खिडकी तिसरीकडे. पण अत्तरवाले, विश्वस्त, घड्याळजी आणि बहिरे मास्तर, सगळे तिथेच येऊन त्या खांबाला डोकं टेकून डोळे मिटून बसत. "बिचारे दमतात," मावशी जावेला म्हणायच्या.

जाऊ रोज त्यांच्या शेजारी बसायची. तिला खांबाचं गुपित माहीत नव्हतं, ती आपली बोलायला यायची. खालचे गप्प असले की वर या दोघी सुरू. दोघींच्या गप्पांत नवरे असायचेच.

"तुमच्या घरचे बघा," जाऊ कुरकुरायची. "न सांगता सगळं ओळखतात. आमच्याकडचे ठोंबे. नमाज झाली की दुकानाकडे पळाले. मी काय मनकवडी आहे का म्हणतात."

खरंच होतं ते. घड्याळजींसारखा नवरा गल्लीत दुसरा नव्हता. लग्नानंतर मावशी जावेला म्हणाल्या होत्या, "त्या मिशा ना, भांडी घासायच्या ब्रशासारख्या वाटतात." संध्याकाळी घड्याळजी घरी आले ते मिशा उतरवून. मावशींना हिरवी शाल आवडली होती, पण त्या घरात बोलल्या नव्हत्या. हिरवीच शाल आली. मोरीचा दरवाजा करकरतो म्हणून त्या वैतागल्या होत्या, घरी जाऊन बघतात तर बिजागरीला तेल. "आमच्या ह्यांना माझं मन कळतं," मावशी सांगायच्या, आणि सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची.

अशी सगळी घडी बसलेली असताना पोराचं काहीतरी बिनसलं.

मावशींचा एकुलता एक मुलगा उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. ही नोकरी मावशींना पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. लिफ्ट अडकली की माणसं आत असतात, आणि त्यांचा मुलगा दोरांवर असतो, हे त्यांनी एकदा कोणाकडून तरी ऐकलं होतं. तेव्हापासून त्याला घरी यायला जरा उशीर झाला की त्यांच्या डोळ्यांसमोर दोर तुटायचा. पण आता निराळंच काहीतरी होतं. मुलगा जेवताना ताटाकडे बघून बोलायला लागला. त्याने आईला कारण नसताना नवा फोन आणून दिला आणि त्यात चेहरा दिसेल असं बोलायचं कसं ते समजावून सांगितलं. "मी तर घरातच असते, तूही घरातच असतोस, मग चेहरा फोनमध्ये कशाला बघायचा?" मावशींनी विचारलं, तर तो हसून उठून गेला. सूनबाई माळ्यावरची मोठी बॅग काढून तिची चेन लागते का बघताना सापडली.

"काय गं, कुठे जायचंय?"

"काही नाही हो आई."

मुलाला विचारलं. "काही नाही गं आई." घड्याळजींना विचारलं. त्यांनी डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच सांगितलं, "काही नाही गं." तीन माणसं एका सुरात काही नाही म्हणतात तेव्हा नक्की काहीतरी असतं, हे कळायला खांब लागत नाही. मावशींची झोप उडाली. दुखणं असेल का? मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं असेल का? सुनेशी बिनसलं आणि ती बॅग माहेरची असेल का? नोकरीत काही भानगड? आई या नात्याने जेवढं वाईट सुचणं शक्य होतं तेवढं सगळं त्यांना सुचून झालं.

एरवी त्यांनी चुटकीसरशी छडा लावला असता. नमाज झाली की बापलेक त्या कोपऱ्यात डोक्याला डोकं लावून बसायला लागले होते, जाळीतून स्पष्ट दिसत होते. पण नेमकी त्याच दिवसांत घुमटाची दुरुस्ती निघाली. ओल उतरली होती, चुना सुटत होता. काखेत कायम नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन फिरणारी एक तरुण बाई त्या कामावर आली. गल्लीने तिला नकाशेवाली म्हणायला सुरुवात केली. तिने परांची बांधून घेतली आणि धूळ नमाज्यांच्या अंगावर पडू नये म्हणून कमानीखाली हे भलंमोठं कापड ताणलं. मावशींनी खांबाला कान लावला तर फक्त फडफड. जसं काही कोणी तोंडावर पदर धरून बोलतंय.

दोन दिवस त्यांनी कळ काढली. तिसऱ्या दिवशी त्या नकाशेवालीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, कमानीत सळसळ ऐकू येते. आत वाळू गळत असावी."

नकाशेवालीचा चेहरा पडला. "कुठे? कोणत्या बाजूला?"

"वरच्या. ते कापड काढून बघा, मला बाई काळजी वाटते." काळजी वाटत होती हे शंभर टक्के खरं होतं, त्यामुळे चेहरा आपोआप जमला.

नकाशेवाली लाकडी हातोडी घेऊन धावत सज्ज्यात आली. कामगारांनी कापड गुंडाळलं. मावशी मनातल्या मनात खूश.

"नक्की कुठून ऐकू येते सळसळ?"

"इथून," मावशी म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने बसल्या, पाय दुमडले, मान वाकडी केली आणि कान बरोब्बर जागेवर टेकवला. "थोडं वर नाही, थोडं खाली नाही. इथेच."

नकाशेवाली बघत राहिली. सगळा खांब खरखरीत, आणि कानाएवढी ती जागा मात्र तेल लावल्यासारखी गुळगुळीत. तिने मावशींना बाजूला केलं आणि आपला कान लावला. थोडा वेळ ऐकलं. मग ओठ चावून हसू दाबलं.

"मावशी, ही वाळू तुमच्याबद्दल बोलतेय."

"म्हणजे?"

"माझा मिस्त्री आहे खाली. म्हणतोय, वरच्या म्हाताऱ्या बाईंना काही उद्योग नाही, कापड बांधून हात दुखले आणि आता सोडायला लावलं."

मावशींना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "हे बघ पोरी," त्या एकदम एकेरीवर आल्या, "हे कोणाला सांगू नकोस. तुला आईची शपथ."

"न सांगून कसं चालेल? या पन्हळीत चुना भरून सपाट करा असं विश्वस्तांनी लेखी दिलंय. भरली की ही वाट बंद. वाचवायची असेल तर काय आहे ते दाखवावंच लागेल."

गुपित ठेवावं तर खांब जातो, आणि खांब ठेवावा तर गुपित जातं. पण अजून पोराचं काय ते कळायचं होतं. "दाखव," त्या म्हणाल्या. "पण मी ऐकते म्हणून नको सांगू. नुसतं सांग, की ऐकू येतं."

शुक्रवारी नमाजानंतर नकाशेवालीने सगळ्यांना थांबवून घेतलं. वर जाळीशी बायका, खाली पुरुष, मध्ये ती, शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलीसारखी उत्साहाने फुललेली. "मी आज तुम्हाला एक चमत्कार दाखवणार आहे. मावशी वरच्या खांबाशी काहीतरी कुजबुजतील. या खालच्या खांबाशी बसलेल्यांनी सांगायचं, काय ऐकू आलं. मावशी, बोला."

खाली? मावशींना कळेना. ऐकू तर वर येतं. हिला उलटं समजलं वाटतं. तरी त्या खांबाशी तोंड नेऊन पुटपुटल्या, "आज हवा बरी आहे."

"ऐकू आलं?"

"आलं," घड्याळजी म्हणाले. चटईकडे बघत.

"आश्चर्य वाटलं ना?"

विश्वस्त छताकडे बघत होते. अत्तरवाले आपली अंगठी फिरवत होते. मावशी जाळीला नाक लावून खालचे चेहरे बघत होत्या, आणि एकाही चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नव्हता.

शेवटी बहिरे मास्तर, ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते नेहमी ओरडून बोलायचे, ते म्हणाले, "आज एवढंच? रोज तर बरंच बोलतात की बायका!"

वर जाळीशी सगळे चेहरे पुढे सरकले.

"या एका जागी मला नीट ऐकू येतं," मास्तर सगळ्यांना समजावून सांगू लागले. "म्हणून तर मी इथे बसतो. कालचं जावेच्या भाचीचं राहिलं अर्धवट. पुढे काय झालं तिचं?"

वर जावेने तोंडावर पदर घेतला. मावशी मनात एकेक जुळवायला लागल्या. मिशा. हिरवी शाल. बिजागरीचं तेल. ते खांबाला टेकलेलं डोकं, ते मिटलेले डोळे, ते बिचारे दमतात.

"आता उलटं करून बघू," नकाशेवाली आनंदाने म्हणाली. तिला या चेहऱ्यांचा अर्थच कळला नव्हता. "खालचंही वर तितकंच स्पष्ट जातं."

"म्हणजे?" अत्तरवाले अर्धे उठले. "वरसुद्धा?"

"अगदी शब्द न् शब्द."

विश्वस्तांचा हात नकळत आपल्या कानामागे गेला.

मग मात्र आधी बायका हसल्या. कोणाचं तरी फिसकन निसटलं आणि सगळा सज्जा हसायला लागला, आणि खालूनही कोणीतरी खो खो करून साथ दिली. इतकी वर्षं दोन्हीकडच्यांना वाटत होतं, की कान फक्त आपल्याकडे आहे. कळणार तरी कसं? बोलणाऱ्याचा कान दगडाला नसतो, आणि ज्याचा कान दगडाला असतो तो तोंड उघडत नाही. मौलानांनी डोळे पुसत फर्मान काढलं, की पन्हळीला कोणी हात लावायचा नाही. मास्तरांनी त्यावर आणखी एक सोडून दिलं: "तरीच! दोघे गवंडी भाऊ बोलत नव्हते ते लोकांसमोर. इथे बसून पुटपुटत असणार लेकाचे."

घरी आल्यावर मावशींनी दार लावून घेतलं.

"किती वर्षं चाललंय हे?"

"मिशांपासून," घड्याळजी म्हणाले.

"लाज नाही वाटली? मी सगळ्या जगाला सांगत फिरते, माझ्या नवऱ्याला माझं मन कळतं!"

"कळतंच की. कसं कळतं ते तू कधी विचारलं नाहीस." मग त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. "आणि विश्वस्तांच्या केसांचं तुला स्वप्न पडलं होतं वाटतं?"

मावशींनी चहा ठेवला, चहापत्ती दोनदा घातली. आणि मग पाठ करून उभ्या असतानाच त्यांच्या हातातला चमचा थांबला.

"अहो. पोरगाही त्याच कोपऱ्यात बसतो."

"बसतो."

"त्यानेही माझं ऐकलंय?"

घड्याळजींनी या वेळी डोळ्यावरचं भिंग काढलं. "त्याला परदेशात काम मिळतंय. चांगलं काम आहे. दोरांवर लोंबकळायचं नाही, उलट दुसऱ्यांना शिकवायचं. सूनबाईला घेऊन जाता येईल. तो तुला सांगणारच होता. नेमका त्या दिवशी तू वर बसून जावेला म्हणालीस, की हा पोरगा लांब गेला ना, तर मी काही जगायची नाही, लिहून ठेव."

"अहो, ती बोलायची रीत झाली!"

"त्याने लिहून ठेवलं. उद्या त्यांना नाही म्हणून कळवणार आहे."

मावशींनी चमचा खाली ठेवला. दुखणं नाही, भानगड नाही, सुनेशी भांडण नाही. जेवढी वाईट स्वप्नं बघितली त्यातलं एकही खरं नव्हतं, आणि पोरगा लांब जाईल ही जी एक भीती मनापासून वाटत होती तीच खरी निघाली. त्यात भर म्हणजे पोराची वाट अडवली ती कोणी? तर त्यांच्याच जिभेने.

समोर बसवून मुलाशी बोलायचं म्हटलं तर आपण रडणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि आपण रडलो की तो जाणार नाही, हेही.

दुसऱ्या दिवशी त्या जावेला ओढतच सज्ज्यात घेऊन गेल्या. खाली नमाज आटोपली होती. मुलगा कोपऱ्यात एकटाच बसलेला. बाकीची मंडळी आदल्या दिवसाच्या लाजेने लांब, पंख्याखाली सरकली होती. मावशी खांबाशी तोंड नेऊन, जावेला डोळा मारून, बोलायला लागल्या.

"अगं, काय सांगू तुला. पोरगा परदेशी जाईल म्हणतात. मी तर म्हणते, जाऊ दे एकदाचा! खोली रिकामी होईल. मी तिथे शिवणयंत्र ठेवणार आहे. किती वर्षांची हौस."

"शिवणयंत्र?" जाऊ गोंधळली. "तुम्हाला तर सुईत दोरा..."

मावशींनी तिला कोपरखळी मारली. "आणि त्याच्या पलंगावर कापडं पसरणार. रोज सकाळी सात वाजता डबा करायचा जाच संपला. मी आणि हे, दोघं मजेत राहू. सिनेमाला जाऊ."

एवढं बोलून त्यांनी कान लावला.

मग दगड म्हणाला, "आई, शिवणयंत्र त्या खोलीच्या दारातून आत जाणार नाही. मी मोजलंय."

"दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये, एवढं शिकवलं नाही का तुला?"

"कोण शिकवणार होतं?"

जाऊ हसली. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी कान घट्ट दाबून धरला, कारण पुढचं फार हळू आलं.

"आई, खरं सांग. तू जगायची नाहीस म्हणालीस."

मावशींनी तोंड फिरवून खांबाला लावलं. इथे त्याला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, हे एक बरं होतं. "न जगून करते काय?" त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाला बिनसाखरेचा चहा कोण देणार? हे बघ, मी रडणार. विमानतळावर रडणार, घरी येऊन रडणार, तुझी खोली झाडताना रडणार. ते माझं काम आहे, त्यात तू लक्ष घालू नकोस. तुझं काम आहे जायचं. आणि दोरावर चढायचं नाही. शिकवायचं, खाली उभं राहून."

"खाली उभं राहून," दगड म्हणाला.

मुलगा गेला. मावशी सांगितल्याप्रमाणे तिन्ही ठिकाणी रडल्या, आणि खोली झाडताना दोनदा.

मशिदीत मात्र खांबाला नवे दिवस आले. नकाशेवालीने पन्हळ हाताने साफ करून घेतली आणि आवाज पूर्वीपेक्षा खणखणीत झाला. पुरुषांना वाटलं, आता बायका त्या कोपऱ्यात मूग गिळून बसतील. झालं उलटंच. ज्या बाईला घरात काही सांगायचं असेल ती वर येऊन खांबाला सांगून जायला लागली. "जिन्यातला दिवा गेलाय हो." "आमच्याकडे कोणाला आठवतं का, माझा वाढदिवस कधी असतो?" खाली अत्तरवाले गुपचूप निरोप पोचवायचे. जावेचा ठोंब्या नवरासुद्धा दुकान थोडं उशिरा उघडून खालच्या खांबाशी बसायला लागला, आणि महिन्याभरात जाऊ सांगायला लागली, की आमच्याकडचेही हल्ली न सांगता ओळखतात.

सुगावा मावशींचा धंदा मात्र बसला. आता कोणी त्या कोपऱ्यात गुपित बोलत नव्हतं. तरी त्या रोज तिथेच बसायच्या, आणि जावेला म्हणायच्या, "तिकडे थंडी पडली असेल गं. हा स्वेटर घालत नसेल. लहानपणापासून सवय आहे, कपाटात ठेवायचा आणि शिंकत फिरायचं. मी विचारलं तर घातलाय म्हणणार. म्हणून मी विचारतच नाही."

आणि रात्री फोनवर चेहरा दिसायचा, गळ्यापर्यंत स्वेटरमध्ये बुडालेला.

"बघ आई, घातलाय. नीट बघ."

"मी कुठे काय विचारलं?" मावशी म्हणायच्या, आणि फोनवरून नजर काढून कोपऱ्यात बघायच्या. तिथे घड्याळजी डोळ्याला भिंग लावून, अगदी चालू असलेल्या एका घड्याळाचं झाकण उघडून, फार महत्त्वाचं काहीतरी शोधत बसलेले असायचे.